मामंजींचा टीव्ही आणि मुलाचा पासवर्ड

बेळगावच्या शहापूर भागातून एका गृहिणीचे पत्र आले आहे. घरात पती, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि ७८ वर्षांचे सासरे आहेत. मोठा मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. घरात पंचवीस वर्षांपासून केबल आहे आणि तिचे महिन्याला ३५० रुपये जातात. मुलाचे म्हणणे असे, की केबल बंद करून ५९९ रुपये अधिक कर या दराचे इंटरनेटचे फायबर कनेक्शन घ्यावे, ॲपचे पासवर्ड तो स्वतःचेच देईल आणि केबलचे पैसे वाचतील. दिरांनी त्याहून स्वस्त तोड सुचवली आहे: ओळखीतला एक जण वर्षाला १५०० रुपयांत एक पेटी बसवून देतो, तिच्यात सगळ्या वाहिन्या, सगळे क्रिकेट आणि सगळे सिनेमे येतात. सासरे काहीच बोलत नाहीत, मात्र हा विषय निघाला की उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. केबलवाला ओळखीचा, त्याला नाही कसे म्हणायचे, हाही संकोच आहे. पती म्हणतात, "तूच काय ते ठरव." या भगिनी विचारतात की कर्नाटकात राहून इंटरनेटवर मराठी वाहिन्या दिसतील का, सासऱ्यांना हे जमेल का, आणि न जमल्यास 'सुनेने म्हाताऱ्याचा टीव्ही बंद केला' असा बोल आपल्याला लागेल का.

ताई,

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येते, म्हणून ते आधी देते. हो, दिसतील. ॲपवरचे कार्यक्रम भाषेनुसार लावलेले असतात, राज्यानुसार नव्हे. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर असतात, आणि पाहणारा पुण्यात बसला आहे की पिरनवाडीत, याने काही फरक पडत नाही. बातम्यांचे तर त्याहून सोपे आहे: एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास या वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर दिवसभर चालू असते आणि त्याला इंटरनेटच्या खर्चापलीकडे एक पैसा लागत नाही. सह्याद्री वाहिनी आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्यांसाठी प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज्' नावाचे स्वतःचे ॲपही आणले आहे.

ही धास्ती आपल्याला का वाटते, ते मात्र मला समजते. दुकानाच्या पाटीपासून बसच्या फलकापर्यंत मराठी अक्षर आहे की नाही, हे आधी पाहण्याची सवय सीमाभागातल्या डोळ्यांना जडलेली आहे. त्यामुळे केबलच्या पॅकमध्ये कन्नड वाहिन्या आपोआप आल्या आणि मराठीसाठी वेगळे सांगावे लागले, की 'इकडे मराठी मिळत नाही' असे आपण धरून चालतो. वस्तुतः पॅक राज्यानुसार बांधलेला असतो, आपला हक्क राज्यानुसार बांधलेला नसतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, जे नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाले, त्यांनुसार केबल असो वा छत्री, म्हणजे डिश, ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते आणि मूळ जोडणीचे शुल्क सोडले तर निवडली तिचेच पैसे द्यावे लागतात. वाहिन्यांच्या एकत्र संचात घालायच्या वाहिनीची सुटी किंमत करांशिवाय १९ रुपयांहून अधिक ठेवता येत नाही. पूर्वी मूळ जोडणीच्या शुल्कालाही १३० रुपयांची, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैशांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ती उठवल्यामुळे आता प्रत्येकाचा दर वेगळा असू शकतो, आणि म्हणूनच दरपत्रक मागून वाचणे पूर्वीपेक्षा गरजेचे झाले आहे. तुमच्या ३५० रुपयांत नेमके काय काय येते, हे गेल्या पाच वर्षांत घरातल्या कोणी विचारले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि माझा अंदाज असा, की त्यातल्या निम्म्या वाहिन्यांवर तुमच्याकडच्या रिमोटचे बोट कधी पडलेलेच नसेल.

आता मुलाच्या हिशेबाकडे वळू. त्याचा हेतू चांगला आहे, गणित कच्चे आहे. ५९९ वर १८ टक्के कर धरला की महिन्याला ७०७ रुपये होतात, वर्षाला जवळजवळ साडेआठ हजार. केबलचे वर्षाचे होतात ४२०० रुपये. म्हणजे केबल काढून फायबर घेतल्याने पैसे वाचत नाहीत, दुपटीने वाढतात. ते 'वाचले' असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा मुलीच्या अभ्यासासाठी किंवा इतर कामासाठी घरात इंटरनेट एरवीही येणारच होते. तसे असेल, तर फायबरचा खर्च टीव्हीच्या खात्यावर टाकूच नका, आणि घरात वायफाय आल्यावर सर्वांच्या मोबाइलचे रिचार्ज थोड्या लहान पॅकवर आणता येते का, हेही त्याच वेळी पाहा. पण फायबर केवळ टीव्हीसाठी घेणार असाल, तर हा सौदा काटकसरीचा नाही, सोयीचा आहे. सोयीसाठी पैसे देण्यात गैर काहीच नाही, फक्त त्याला बचत म्हणू नये.

मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मनावर घेऊ नका. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी आणि एचडीला दोन ते तीन जीबी लागतात, तर बहुतेक मोबाइल पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचे असतात. मामंजी दिवसाला सहा तास टीव्ही पाहत असतील, तर सकाळची पूजा आटोपून ते समोर बसले की तासा-दोन तासांत दिवसाचा साठा संपेल. फायबरला ही अडचण नाही. तिथे महिन्याची मर्यादा बहुतेक वेळा ३३०० जीबी असते, आणि सहा तास रोज एचडी पाहूनही महिन्याला साडेपाचशेच्या आतच जीबी लागतात.

पत्र दोनदा वाचल्यावर मला असे वाटले, की तुम्ही सर्वांनी मिळून मामंजींना या प्रश्नातली अडचण मानले आहे. मुलाकडे उपाय आहे, दिरांकडे उपाय आहे आणि मामंजी 'जमेल का' या सदरात आहेत. घरात टीव्ही सर्वाधिक कोण पाहते? मुलगी मोबाइलवर पाहते, तुमचे पती कारखान्यातून थकून आल्यावर अर्धा तास पाहतात आणि तुम्ही स्वयंपाक आवरून रात्री दोन मालिका पाहता, असे तुम्हीच लिहिले आहे. बाकीचा सारा दिवस टीव्ही मामंजींचा असतो. मग जो माणूस ग्राहक आहे, त्यालाच वगळून चाललेली ही चर्चा ऐकून तो कट्ट्यावर जाऊन बसणार नाही तर काय करणार?

म्हणून निर्णयाआधी आठवडाभर एक वही ठेवा. तीत कोणते चॅनेल, किती वाजता, कोण, एवढेच लिहायचे. मुलीला हे काम द्या, ती मन लावून करील. मामंजींपासून लपवू नका, उलट त्यांनाच विचारून लिहा. या वहीत काय निघेल ते मी येथे बसून सांगू शकत नाही, परंतु आपल्या भागातल्या घरांत जे दिसते त्यावरून दोन गोष्टींसाठी तयार राहा. एक म्हणजे, मराठीचा कट्टर अभिमानी ज्येष्ठही दिवसातून एकदा कन्नड बातम्या लावतो, कारण बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की आपल्या पाण्याचे आणि रस्त्याचे काय झाले, ते मुंबईच्या वाहिनीवर कळत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गावच्या बातम्या देणारी स्थानिक केबल वाहिनी, जिच्यावर नळाला पाणी कधी येणार, कोणाच्या घरी दुःखद घटना घडली, वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक कोठवर आली हे दिसते, ती कोणत्याही मोठ्या ॲपवर नसते. तिच्यातले काही कार्यक्रम आता यूट्यूबवर येतात, पण सगळे नव्हे आणि त्याच वेळी नव्हे. त्यामुळे मामंजी वहीत या वाहिनीसमोर रोज सकाळी अर्धा तास बसलेले आढळले, तर केबल तोडल्याने नेमके काय जाणार आहे, ते तुम्हाला एका ओळीत कळेल.

जमेल का, या प्रश्नावर मी आमच्याच घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी आम्ही टिळकवाडीतल्या घरी डिशचे रिचार्ज थांबवले आणि टीव्हीला ॲप जोडून दिले. ॲपचे खाते गोव्यात राहणाऱ्या माझ्या भावाच्या क्रमांकावर होते. तीन आठवडे उत्तम गेले. मग एके दिवशी दुपारी ॲपने आपणहून लॉगआउट होऊन पडद्यावर क्रमांक आणि ओटीपी मागितला. तो ओटीपी गेला पणजीला, भावाचा फोन बैठकीत बंद होता, आणि माझी आई त्या चौकटीत लुकलुकणाऱ्या रेघेसमोर रिमोट हातात धरून तासभर बसून राहिली. मी संध्याकाळी घरी पोहोचले तेव्हा तिने टीव्हीवर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवला होता. ती रागावली नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं," एवढेच म्हणाली. ८१ वर्षांच्या बाईला आपण त्या दिवशी तिच्याच घरात अडाणी ठरवले, ही बोच मला अजून आहे.

तेव्हा मुलाचा पासवर्ड घेऊ नका. तो प्रेमाने देतो आहे हे खरे, तरीही खाते बेळगावातल्या घरातल्या, शक्यतो तुमच्याच, मोबाइल क्रमांकावर असावे. एका खात्यावर एका वेळी किती पडदे चालतील याला मर्यादा असते. बेंगळुरूत त्याच्या खोलीवर सामना चालू असताना इकडे मालिका बंद पडली, तर त्याला ते कळणारही नाही. वर्गणी घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: सर्वांत स्वस्त योजना पुष्कळदा केवळ मोबाइलपुरती असते आणि टीव्हीवर चालतच नाही. फायबरच्या पॅकबरोबर 'ॲप मोफत' असे सांगितले जाते, तिथेही हाच प्रश्न विचारा. पैसे आपोआप कापले जाण्याची मुभा दिली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम जाण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी; हा संदेश न वाचता पुसून टाकण्याची आपल्याला सवय असते, ती मोडा. शक्य असेल तर आपोआप नूतनीकरणाची मुभाच देऊ नका, संपली की हाताने भरा.

तुमचा टीव्ही जुना असेल, तर त्याच्या पाठीमागे एचडीएमआयची खाच आहे का, ते आधी पाहून घ्या. ती असेल तर स्टिक, म्हणजे टीव्हीवर ॲप चालवणारे छोटे उपकरण, जोडून काम भागते. खोक्यासारखा जुना टीव्ही असेल, तर नव्या टीव्हीची किंमतही मुलाच्या हिशेबात मिळवावी लागेल. मामंजींसाठी पहिल्या पडद्यावर केवळ दोन-तीन चौकोन ठेवा आणि बाकीचे काढून टाका. चॅनेलचा आकडा दाबून वाहिनी लावण्याची पंचवीस वर्षांची सवय बोटांत असते, डोळ्यांत नसते. तिच्या जागी चित्र ओळखून बाण दाबण्याची सवय बसायला दोन महिने लागले, तर ते फार नव्हेत.

दिरांच्या पेटीविषयी मला स्पष्ट लिहायला हवे. वर्षाला १५०० रुपयांत सगळ्या वाहिन्या, सगळे क्रिकेट आणि सगळे सिनेमे देणारी अधिकृत सेवा अस्तित्वात नाही. या पेट्यांमध्ये कोणीतरी वाहिन्यांचे प्रक्षेपण चोरून आपल्या सर्व्हरवर घेतो आणि तेथून पुढे विकतो. असे जाणूनबुजून करणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि ५० हजार ते दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस तुमच्या दारात येतील असे सांगून मी तुम्हाला घाबरवणार नाही. माझी भीती अधिक घरगुती आहे. तो सर्व्हर एखाद्या अंतिम सामन्याच्या दिवशी बंद पडला, तर तुम्ही तक्रार कोणाकडे करणार? पैसे एखाद्याच्या खासगी यूपीआयवर गेलेले, पावती नाही, आणि वर्षभराचे पैसे आधीच दिलेले. शिवाय पेटीतले ॲप अधिकृत दुकानातून आलेले नसते, कोणी तयार केले ते कळत नाही, आणि ती पेटी ज्या वायफायवर बसते त्याच वायफायवर तुमच्या पतींच्या फोनमधले बँकेचे ॲपही असते. दिरांचा मान राखायचा असेल तर वाद घालू नका. "भावजी, पावती देईल का तो? पावती दिली तर बघू," एवढेच म्हणा. पावती येणार नाही, आणि विषय तिथेच थांबेल.

केबलवाल्याला तुम्ही पत्रात केवळ संकोचाचे कारण म्हणून आणले आहे, पण कदाचित तोच तुमचा मार्ग सोपा करील. आपल्याकडच्या गावांतून आणि उपनगरांतून पुष्कळ केबलचालक आता त्याच खांबांवरून फायबरही पुरवतात. घरात केबल की नेट असा झगडा चाललेला असताना दोन्ही तारा एकाच माणसाच्या हातात असणे अगदी शक्य आहे. त्याला विचारा. दोन्ही एकत्र घेतल्यास तो काय दर देतो, ते लिहून घ्या आणि मोठ्या कंपनीच्या दराशी ताडून पाहा. ओळखीचा आहे म्हणून महाग घेऊ नका. मात्र रात्री आठ वाजता तार तुटली, तर कोण शिडी घेऊन येईल, याचीही काही किंमत धरा.

तारेवरून आठवले. आपल्याकडच्या पावसाचा विचार मुलाच्या बेंगळुरूच्या हिशेबात नाही. आषाढात ढग दाटून आले की छत्रीचे चित्र चौकोनांत फुटते आणि पाऊस ओसरला की आपोआप परत येते; फायबर पावसाला दाद देत नाही, पण झाडाची फांदी पडून तार तुटली, तर ती जोडीपर्यंत टीव्ही, फोन आणि मुलीचा अभ्यास सारे एकदमच बंद. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून तो इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. आणि थेट सामना इंटरनेटवर केबलच्या मागे अर्धा-पाऊण मिनिट चालू शकतो. शहापुरात भिंतीला भिंत लागलेली असते, त्यामुळे विकेट पडल्याची आरोळी शेजारून आधी ऐकू येईल आणि चेंडू तुमच्याकडे नंतर पडेल. मामंजी क्रिकेटवाले असतील तर हे दुःख लहान समजू नका.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्या वाचकांनी मात्र हे पत्र वाचून घाईने फायबरच्या मागे लागू नये. जिथे फोनवर बोलायला अंगणात यावे लागते, तिथे छत्रीच बरी. खर्च नको असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचे काहीच लागत नाही. एकदा छत्री आणि पेटी घेतली की झाले. सगळ्या खासगी मराठी मालिकांची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका, सह्याद्री मिळेल.

ताई, तुमच्या जागी मी असते तर काय केले असते, तेही लिहिते. इंटरनेट मुलीसाठी हवेच असेल, तर ते आत्ता घ्यावे आणि केबल लगेच तोडू नये. दोन महिने दोन्ही चालू द्यावे, पण केबलचा पॅक वहीनुसार कापून लहान करावा: तुमच्या चार-पाच मराठी वाहिन्या, मामंजींच्या बातम्या, हवी असल्यास एखादी कन्नड वाहिनी आणि स्थानिक वाहिनी. बिल ३५० वरून किती उतरते ते तुम्हाला दरपत्रकावरून दिसेल. केबलचालकाने सुट्या वाहिन्या द्यायला नकार दिला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण ओळखीच्या माणसाकडे तशी वेळ येऊ नये. दोन महिन्यांनी पुन्हा आठवडाभर वही लिहावी. मामंजींनी आपणहून ॲप लावायला सुरुवात केली असेल, तर केबल सोडता येईल, आणि तसे झाले नसेल, तर लहान केलेले केबलचे बिल हा त्यांच्या दिवसाचा खर्च आहे असे समजून चालू ठेवावे. त्यांच्या औषधांचा खर्च आपण मुलाच्या गणितात बसवत नाही, तसेच हे.

राहिला तिसरा प्रश्न. बोल लागेल का? "तूच ठरव" म्हणणाऱ्या पतींनी निर्णयाबरोबर बोलही तुमच्याकडे सोपवला आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले नसावे. आज रात्री जेवताना ते लक्षात आणून द्या. पण निर्णय मामंजींच्या समोर आणि त्यांच्या हाताने झाला, तर तो कोणाच्याच डोक्यावर बसणार नाही. तेव्हा केबलवाला या महिन्याच्या वसुलीला आला की त्याला दारातून पैसे देऊन पाठवू नका. आत बोलवा, चहा ठेवा, वाहिन्यांची छापील यादी मागा, आणि मामंजींना कट्ट्यावरून हाक मारून यादीवरची पहिली खूण त्यांना करू द्या. चष्मा आणि पेन तेवढे आधीच जवळ ठेवा.